आतड्याचा टी-सेल लिम्फोमा आणि सीलिअ‍ॅक : रिपोर्टातला 'टाइप २' नेमका कुठला?

निरभ्र
सीलिअ‍ॅकच्या पेशंटच्या रिपोर्टात 'टाइप २' दिसलं की घरातले लोक नेटवर शोधतात, दोन वेगळ्या आजारांची माहिती एकत्र कालवतात आणि नको तितके घाबरतात. काही जण उलट निर्धास्त होतात, ते जास्त वाईट.

सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर बिघडणारा आजार. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि टी-सेल हा त्या पेशींचाच एक प्रकार. 'टाइप २' हे लेबल दोन ठिकाणी लागतं. एक म्हणजे रिफ्रॅक्टरी सीलिअ‍ॅक टाइप २, म्हणजे ग्लुटेन काटेकोर बंद करूनही आतडं सुधारत नाही आणि अस्तरातल्या लिम्फोसाइटचं रूप बिघडलेलं आहे, तो. दुसरं म्हणजे एन्टेरोपथी-असोसिएटेड टी-सेल लिम्फोमा, अर्थात ईएटीएल, याचा जुना टाइप २. पहिलं नाव अजून चालू आहे, दुसरं वर्गीकरणातून गेलं, पण जुन्या कागदांत आणि सवयीत टिकून आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर कुठल्या ओळी वाचायच्या आणि त्याने पुढचं काय बदलतं, यावर जाणकारांनी लिहावं. "डॉक्टरांना विचारा" हे गृहीत धरलेलंच आहे, तेवढ्यासाठी प्रतिसाद नको.

टवाळ
म्हणजे टाइप २ चेही टाइप २. आता गप्प बसून वाचतो.

सूक्ष्मदर्शी
आधी रिपोर्टाचं साल बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणात ईएटीएलचे टाइप १ आणि टाइप २ होते. २०१६ च्या सुधारणेत टाइप २ बाहेर काढून त्याला मोनोमॉर्फिक एपिथेलिओट्रॉपिक इंटेस्टायनल टी-सेल लिम्फोमा हे नाव दिलं. लांबलचक आहे, म्हणून सगळे एमईआयटीएल म्हणतात. जुना टाइप १ म्हणजे आता नुसता ईएटीएल. २०२२ च्या आवृत्तीतही हीच विभागणी आहे.

ईएटीएलच्या पेशी एकसारख्या नसतात. मध्यम ते मोठ्या, वेड्यावाकड्या, मध्ये मृत पेशींचे पट्टे, भोवती इओसिनोफिल आणि हिस्टिओसाइट या दाहाच्या पेशींची गर्दी. कधी ही गर्दीच इतकी असते की गाठीच्या पेशी शोधाव्या लागतात आणि घाईत "दाहजन्य व्रण" असा रिपोर्ट जातो. शेजारच्या, गाठ नसलेल्या अस्तरात सीलिअ‍ॅकच्या खुणा दिसतात : रसांकुर (अन्न शोषणारी बोटांसारखी टोकं) झिजलेले, क्रिप्ट (त्यांच्या मधल्या खोबणी) लांबलेल्या, एपिथेलियममध्ये, म्हणजे अस्तराच्या सर्वांत वरच्या थरात, लिम्फोसाइट वाढलेले. एमईआयटीएलमध्ये पेशी मध्यम आकाराच्या आणि एकाच साच्यातून काढल्यासारख्या, दाह जवळजवळ नाही, मृत भाग कमी, आणि त्या एपिथेलियममध्ये भरभरून घुसतात.

मार्करच्या (सीडी३, सीडी८ अशा नावांच्या, पेशी ओळखायच्या खुणांच्या) ओळी अशा वाचा. ईएटीएल : सीडी३ आणि सीडी७ पॉझिटिव्ह, सीडी५ निगेटिव्ह, सीडी४ निगेटिव्ह, सीडी८ बहुधा निगेटिव्ह, सीडी५६ निगेटिव्ह, सीडी१०३ पॉझिटिव्ह, आणि मोठ्या पेशींच्या प्रकारात सीडी३० बऱ्याचदा पॉझिटिव्ह. एमईआयटीएल : सीडी८ आणि सीडी५६ पॉझिटिव्ह, सीडी३० सहसा निगेटिव्ह, एमएटीके बहुतेक पेशींत पॉझिटिव्ह. टीआयए-१ आणि ग्रॅन्झाइम-बी हे मार्कर दोन्हींत मिळू शकतात, त्यांच्यावरून फरक करू नका.

आणखी एक ओळ हवीच : ईबर, म्हणजे एपस्टाइन-बार विषाणूची चाचणी. वरच्या दोन्हींत ती निगेटिव्ह असते. पॉझिटिव्ह आली तर एनके/टी-सेल लिम्फोमा, नेझल टाइप हा आतड्यात आलेला नाही ना, हे आधी बघावं लागतं. त्याची औषधं वेगळी.

खुसपट
वर्गीकरण करणाऱ्यांना काम हवं असतं असं माझं मत. दोन्ही आतड्यातले, दोन्ही टी-पेशींचे, दोन्ही आक्रमक, आणि शेवटी दोन्हींना केमोच. पेशंटला काय फरक पडतो?

रक्तरेषा
@खुसपट, तीन ठिकाणी तरी पडतो.

ईएटीएलच्या मुळाशी सीलिअ‍ॅक असतो. कित्येकदा सीलिअ‍ॅकचं निदानच लिम्फोमाबरोबर, ऑपरेशनमध्ये काढलेल्या आतड्याच्या तुकड्यावरून होतं. म्हणजे ग्लुटेन बंद करणं आलं, आणि आई-वडील, भावंडं, मुलं यांची सीलिअ‍ॅकची रक्ततपासणीही आली. एमईआयटीएलचा सीलिअ‍ॅकशी संबंध फार क्षीण. तो आशियाई आणि हिस्पॅनिक लोकांत जास्त दिसतो, ईएटीएल उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत. एमईआयटीएलच्या पेशंटला पुरावा नसताना ग्लुटेन तोडायला लावलं तर आधीच खंगलेल्या माणसाचं जेवण आणखी आकसतं.

दुसरं, सीडी३०. तो पॉझिटिव्ह असेल तर ब्रेन्टुक्सिमॅब हे औषध वापरता येतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सीडी३० असलेल्या परिघीय टी-सेल लिम्फोमांसाठी पहिल्याच उपचारात सीएचपी या केमोबरोबर त्याला मान्यता दिली. त्या मोठ्या चाचणीत ईएटीएलचे पेशंट मोजकेच होते, हे मात्र लक्षात ठेवा.

तिसरं, जनुकीय बिघाड. एमईआयटीएलमध्ये एसईटीडी२ हे जनुक बहुसंख्य पेशंटमध्ये बिघडलेलं असतं, जोडीला स्टॅट५बी आणि जॅक३. ईएटीएलमध्ये जॅक१ आणि स्टॅट३ जास्त. जॅक-स्टॅट मार्ग दोघांतही पेटलेला, पण वेगळ्या ठिकाणी. संशोधनातल्या औषधांसाठी हे महत्त्वाचं.

खुसपट
दुसरा मुद्दा मान्य. पहिला अर्धा मान्य, कारण रक्ततपासणी तशी कुठल्याही सीलिअ‍ॅकवाल्याच्या घरच्यांनी करायचीच असते. तिसरा "संशोधनातल्या" या शब्दावर अडलाय.

पोटतिडीक
ईएटीएलवर बोलणं झालं, आता रिफ्रॅक्टरीकडे येऊ. प्रत्यक्षात 'टाइप २' चा शेरा जास्त तिथेच भेटतो.

रिफ्रॅक्टरी म्हणण्याआधी निदान १२ महिने काटेकोर ग्लुटेनमुक्त आहार हवा, आणि तरीही अपशोषणाची लक्षणं आणि रसांकुरांची झीज दोन्ही हवीत. (वजन झपाट्याने उतरत असेल, ताप असेल, रक्तस्राव असेल तर १२ महिने कोणी थांबत नाही.) त्याआधी ही चाळण लावा :

मूळ निदान बरोबर होतं का? एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जोखमीची जनुकं दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. रसांकुर झिजवणारी दुसरी कारणं तपासा : ओल्मेसार्टन हे रक्तदाबाचं औषध, जिआर्डिया, सीव्हीआयडी (अँटिबॉडी कमी पडण्याचा आजार), ऑटोइम्यून एन्टेरोपथी, ट्रॉपिकल स्प्रू. ओल्मेसार्टन बंद केलं की आतडं सुधारतं, म्हणून औषधांची यादी पहिल्यांदा वाचावी. ती शेवटी वाचली जाते, हा नेहमीचा घोळ.

ग्लुटेन खरंच बंद आहे का? टीटीजी (सीलिअ‍ॅकची रक्तातली अँटिबॉडी) अजून चढलेलं असेल तर बहुधा नाही. टीटीजी नॉर्मल म्हणजे आतडं बरं झालं, असं मात्र नाही. लघवी किंवा शौचातले ग्लुटेनचे पेप्टाइड मोजता येतात, पण ते शेवटच्या काही दिवसांपुरतंच सांगतात.

जुलाब दुसऱ्याच कशाचे आहेत का? मायक्रोस्कोपिक कोलायटिस, स्वादुपिंडाचा रस कमी पडणं, लहान आतड्यात जंतू वाढणं, लॅक्टोज. रसांकुर परत उगवलेले असतील आणि जुलाब चालू असतील तर तो रिफ्रॅक्टरी नव्हेच.

एवढं करून जे उरतात ते थोडे. त्यांचे मग टाइप १ आणि २.

सूक्ष्मदर्शी
त्या विभागणीतच सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून जरा खोलात जातो.

टाइप १ मध्ये एपिथेलियममधले लिम्फोसाइट संख्येने वाढलेले, पण रूपाने नॉर्मल : पृष्ठभागावर सीडी३ आहे, सीडी८ आहे. टाइप २ मध्ये पृष्ठभागावरचा सीडी३ गेलेला, सीडी८ गेलेला, पण पेशीच्या आत सीडी३ एप्सिलॉन शिल्लक.

गंमत ही की पॅराफिनच्या चकतीवरचा नेहमीचा सीडी३ रंग पेशीच्या आतला भागही रंगवतो. म्हणून टाइप २ ची पेशी तिथे सीडी३ पॉझिटिव्ह, सीडी८ निगेटिव्ह अशी दिसते. पृष्ठभागावरचा सीडी३ गेलाय हे त्यातून कळतच नाही. आणि सीलिअ‍ॅकमध्ये गॅमा-डेल्टा टी-पेशीही वाढतात, त्याही सीडी८ निगेटिव्ह असू शकतात आणि त्या निरुपद्रवी. म्हणजे "५० टक्क्यांहून अधिक सीडी३+ सीडी८-" एवढ्याच ओळीवर टाइप २ चा शिक्का मारला तर चुकायला भरपूर वाव. टीसीआर-डेल्टाचा (गॅमा-डेल्टा पेशींवरच्या ग्राहकाचा) रंग शेजारी लावला तर हा घोटाळा तिथेच मिटतो.

पक्कं उत्तर फ्लो सायटोमेट्रीचं, म्हणजे सुट्या पेशी एकेक करून त्यांचे मार्कर मोजण्याचं. पृष्ठभागावर सीडी३ नाही पण आत आहे, अशा पेशी लिम्फोसाइटच्या २० टक्क्यांहून जास्त, ही वापरातली सीमारेषा. त्यासाठी तुकडे ताजे हवेत. फॉर्मॅलिनमध्ये बुडाले की फ्लो संपली. सलाइनमध्ये किंवा आरपीएमआय माध्यमात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचले पाहिजेत, आणि स्कोपी ठरवतानाच लॅबला कळवलेलं असलं पाहिजे. पृथक्करणात एपिथेलियमचा भाग निघावा लागतो, चार-पाच जादा तुकडे घ्यावेत.

टीसीआर-गॅमाची क्लोनॅलिटी, म्हणजे पेशी एकाच मूळ पेशीच्या (एकच क्लोन) आहेत का हे बघणारी जनुकचाचणी, हे पूरक अंग. तुकड्यात टी-पेशी कमी असतील तर पीसीआरमध्ये खोटं शिखर उगवतं, म्हणून एकाच नमुन्यावर दोनदा चालवून तेच शिखर तिथेच येतं का ते बघायचं. आधीच्या बायोप्सीतलं आणि आत्ताचं शिखर एकाच मापाचं निघालं तर त्याला वजन येतं. पुढे ईएटीएल झाला तर त्यातही बहुधा तोच क्लोन सापडतो.

टवाळ
चार-पाच जादा तुकडे ऐकून पोटात गोळा आला. तोही बायोप्सीला पाठवावा का?

पोटतिडीक
@टवाळ, ताजा पाठवा, फॉर्मॅलिनमध्ये नको.

नेहमीच्या सीलिअ‍ॅकसाठी ड्युओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) दुसऱ्या भागातून निदान चार आणि बल्बमधून एक-दोन घेतात. तुकडा मिलिमीटरांचा असतो आणि तिथे वेदनेचे तंतू नाहीत, चिमटा जाणवत नाही.

खरी अडचण वेगळी. ईएटीएल बहुधा जेजुनममध्ये (लहान आतड्याचा मधला भाग) असतो, साध्या स्कोपीच्या आवाक्यापलीकडे. वरची बायोप्सी "फक्त झीज" म्हणाली तरी गाठ खाली बसलेली असू शकते. म्हणून क्रम असा : सीटी किंवा एमआर एन्टेरोग्राफी, पेट-सीटी, कॅमेऱ्याची कॅप्सूल, आणि संशयित जागेपर्यंत डबल-बलून स्कोपी. कॅप्सूलआधी अरुंद जागेची शंका असेल तर विरघळणारी पेटन्सी कॅप्सूल गिळायला देतात. ती पार झाली तरच खरी. खरी अडकली तर ऑपरेशन करून काढायची वेळ येऊ शकते आणि तेही अशा आतड्यात जिथे टाके धरत नाहीत.

सीटीवर भिंत जाड, आतड्यात आतडं शिरलेलं, मेसेन्टरीच्या गाठींत पोकळी, आणि प्लीहा लहान. शेवटच्या खुणेकडे रिपोर्टात कोणी लक्ष देत नाही.

गहूवर्ज्य
मला यातला जीवशास्त्राचा भाग फार झेपत नाही. पण साधा प्रश्न : सीलिअ‍ॅक आहे म्हणजे हा कॅन्सर होणारच का? इथे नुकतं निदान झालेले वाचत असतील.

रक्तरेषा
नाही. ईएटीएल पाश्चात्य देशांतही दर दहा लाखांत वर्षाला साधारण एखादाच. सीलिअ‍ॅक तिथे शंभरात एकाला.

स्वीडनच्या नोंदींवरचा २०१३ चा अभ्यास उपयोगी आहे. सात हजारांवर सीलिअ‍ॅक पेशंटची दुसरी बायोप्सी पाहिली. रसांकुर परत उगवलेल्यांत लिम्फोमाचं प्रमाण वर्षाला दर लाखात सुमारे ३२, न उगवलेल्यांत सुमारे १०२. ही संख्या सर्व लिम्फोमांची आहे, एकट्या ईएटीएलची नव्हे. सीलिअ‍ॅकमध्ये बी-सेल लिम्फोमाही होतात. दुसरा गटही वर्षाला हजारात एक असा आहे, म्हणजे हजारात ९९९ जणांना नाही.

जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी : निदान वाढत्या वयात होणं, डीक्यू२ ची दोन्ही जनुकं असणं, ग्लुटेन चालू राहणं, आणि सगळ्यांत जड म्हणजे रिफ्रॅक्टरी टाइप २. टाइप १ चे पाच वर्षांनंतर नव्वद टक्क्यांहून अधिक पेशंट हयात असतात. टाइप २ मध्ये ते साधारण निम्म्यावर येतं, आणि त्यातल्या ३० ते ५० टक्क्यांना पाच वर्षांत ईएटीएल होतो. 'टाइप २' मुळे घाबरायचं असेल तर ते इथे.

नाममात्र
मग टाइप २ ला "कॅन्सरपूर्व" का म्हणायचं? एकाच क्लोनच्या पेशी, वाढत्या, बाकी आतड्यात आणि रक्तातही पसरू शकणाऱ्या. काही जण त्याला इंट्राएपिथेलियल लिम्फोमाच म्हणतात. मला ते पटतं.

सूक्ष्मदर्शी
शास्त्र म्हणून तुमच्या बाजूला पुष्कळ आहे. टाइप २ मध्येही जॅक१ आणि स्टॅट३ चे बदल सापडतात. एपिथेलियममधून येणारा आयएल-१५ हा संदेश-रेणू या पेशींना मरू देत नाही, आणि बदलांमुळे त्या त्यावर अधिकच प्रतिसाद देऊ लागतात. पण नाव लिम्फोमा केलं की उद्या कोणी सीएचओपी (लिम्फोमाची नेहमीची केमो) चालू करेल, आणि या मंद पेशींना सीएचओपीचा फारसा फरक पडत नाही. म्हणून मी वेगळं नाव ठेवण्याच्या बाजूचा.

रक्तरेषा
+१. टाइप २ साठी वापरात असलेलं म्हणजे ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड, क्लॅड्रिबीन ही केमो, आणि निवडक पेशंटमध्ये ऑटोलोगस, म्हणजे स्वतःच्याच, स्टेम सेलचं प्रत्यारोपण. ब्युडेसोनाइडची कॅप्सूल उघडून देतात. मुळात ती लहान आतड्याच्या शेवटी सुटावी अशी बनवलेली, आणि आजार वरच्या टोकाला. अख्खी गिळली तर औषध आजाराला ओलांडून पुढे जातं. एकूण मात्रा दिवसाला ९ मिग्रॅ, ३ च्या तीन भागांत.

अ‍ॅझाथायोप्रीन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध टाइप १ मध्ये चालतं. टाइप २ मध्ये टाळतात, लिम्फोमाकडे ढकलतं ही भीती आहे. म्हणजे टाइप चुकला तर उपचारच उलटा पडतो. आयएल-१५ विरुद्धची अँटिबॉडी टाइप २ मध्ये तपासून झाली, २०१९ मध्ये निकाल आला, मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही.

खुसपट
आणि ईएटीएल झालाच तर? आकडे द्या, "बरा होऊ शकतो" नको.

रक्तरेषा
नुसत्या सीएचओपीवर पाच वर्षांनी सुमारे २० टक्के. स्कॉटलंड आणि न्यूकॅसलच्या गटाने २०१० मध्ये आयव्हीई-एमटीएक्स मांडलं : आयफॉस्फमाइड, एपिरुबिसिन, इटोपोसाइड, आलटून पालटून मेथोट्रेक्सेट, आणि मग स्टेम सेल. पाच वर्षांनी ६० टक्के, जुन्या गटात २२. नॉर्डिक गटाने २०१२ मध्ये सीएचओपीत इटोपोसाइड घालून पुढे स्टेम सेल केलं, ईएटीएलच्या २१ जणांत पाच वर्षांनी ४८ टक्के. एमईआयटीएलचा निकाल ईएटीएलइतकाच किंवा त्याहून वाईट.

खुसपट
स्टेम सेलपर्यंत पोचणारे आधीच धडधाकट असतात. गाळलेल्या पेशंटचे आकडे आणि जुन्या सरसकटांचे आकडे शेजारी ठेवले की औषध भारी दिसणारच.

रक्तरेषा
बरोबर. न्यूकॅसलचे पेशंटही पंचवीसच्या आसपासच. खरी गळती आधीच होते : निदानाच्या वेळी पेशंट इतका खंगलेला असतो की पूर्ण डोस झेपत नाही.

कोंडा
@रक्तरेषा, त्या गळतीत आहाराचा भाग मोठा, त्याबद्दल. महिनोन्‌महिने पोषण न मिळालेल्याला पहिल्या दिवशी पूर्ण कॅलरी चढवल्या की फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन खाली जातं, हृदयाची लय बिघडते. रीफीडिंग सिंड्रोम. जोखीम जास्त असेल तर किलोमागे १० किलोकॅलरीपासून सुरुवात, चार ते सात दिवसांत हळूहळू वाढ. थायमिन आधी, रोज २०० ते ३०० मिग्रॅ, मग ग्लुकोज. क्रम उलटा झाला तर मेंदूला धोका. नळी किंवा शिरेतून द्यावं लागलं तर त्याची मुभा आधीच ठरवून ठेवा.

रक्तरेषा
+१. त्याला तीन जोड.

पोटात किंवा छातीत पाणी असेल तर मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट त्यात साठून राहतं आणि दिवसेंदिवस परत रक्तात झिरपतं. पाणी आधी काढा, पातळी मोजत राहा, ल्युकोव्होरिन हा त्याचा उतारा पातळी उतरेपर्यंत चालू.

गाठ भिंतीच्या आरपार असेल तर केमोने ती विरघळताना आतडं फुटू शकतं. पहिल्या फेरीत पोट अचानक दुखलं तर ती बाब उद्यावर टाकू नये. स्टेरॉइड चालू असताना पोट कडक होत नाही, म्हणून दिसण्यावर न जाता सीटी करून घ्यावं. काही ठिकाणी म्हणूनच धोक्याचा तुकडा आधी कापून काढतात.

प्लीहा काम करत नसेल (रक्ताच्या स्मिअरमध्ये हॉवेल-जॉली बॉडी दिसतात) तर न्यूमोकोकस, हिमोफिलस, मेनिन्गोकोकस या लसी शक्य असल्यास केमोच्या दोन आठवडे आधी.

इतिहासखोर
थोडं अवांतर. स्निग्ध शौचाच्या आजारासोबत आतड्यातला लिम्फोमा दिसतो अशी नोंद १९३७ मध्ये फेअर्ली आणि मॅकी यांनी केली. तेव्हा लिम्फोमामुळे अपशोषण होतं असं समजत. १९६२ मध्ये गफ आणि सहकाऱ्यांनी बाण उलटा फिरवला : आधी आतडं बिघडतं, मग लिम्फोमा. १९७८ मध्ये आयझॅकसन आणि राइट यांनी त्याला मॅलिग्नंट हिस्टिओसाइटोसिस म्हटलं. १९८५ मध्ये आयझॅकसन यांनीच या टी-पेशी आहेत हे दाखवलं. ईएटीएल हे नाव १९८६ चं, ओ'फॅरेली आणि सहकाऱ्यांचं.

नाममात्र
छान माहिती. पुन्हा मूळ प्रश्नाकडे. रिपोर्टात ना टाइप, ना ईएटीएल, फक्त "इंटेस्टायनल टी-सेल लिम्फोमा, एनओएस" (ठरावीक प्रकार न सांगता) असेल तर काय समजायचं?

सूक्ष्मदर्शी
तुकडा वरवरचा किंवा लहान होता, मार्कर पुरेसे लावले नाहीत, किंवा शेजारचं अस्तर तुकड्यात आलंच नाही. यातलं तिसरं कारण भरून काढता येतं : ड्युओडेनमची बायोप्सी, टीटीजी आणि एकूण आयजीए, एचएलए. सगळं करूनही बसत नसेल तर एनओएस ठीक.

आणि या यादीत एक सौम्य भाऊही आहे, २०२२ च्या वर्गीकरणात इंडोलंट टी-सेल लिम्फोमा. पेशी लहान, सीडी४ किंवा सीडी८, के-आय-६७ (पेशी किती वेगाने वाढताहेत याची खूण) दहा टक्क्यांखाली, एपिथेलियममध्ये फारशा घुसत नाहीत. वर्षानुवर्षं तसाच राहतो, केमोला दाद देत नाही. याला ईएटीएल समजून केमो दिल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे रिपोर्टात के-आय-६७ नसेल तर मागून घ्या.

निरभ्र
एकूण चेकलिस्ट माझ्या डोक्यात बसली : साल, सीडी८-सीडी५६-सीडी३०, ईबर, शेजारचं अस्तर, के-आय-६७, आणि रिफ्रॅक्टरी असेल तर फ्लो झाली का. दुसरं मत घ्यायचं असेल तर नक्की काय न्यायचं? नुसता कागद पुरेल का?

सूक्ष्मदर्शी
कागदाने काही होत नाही. पॅराफिन ब्लॉक मागा. लॅब देत नसेल तर १५ न रंगवलेल्या चकत्या, चार्ज केलेल्या काचांवर, शिवाय मूळ रंगवलेल्या काचा. जुन्या सीलिअ‍ॅकच्या वेळची ड्युओडेनमची बायोप्सीही शोधून न्या, क्लोन तुलनेला लागतो. टीसीआरसाठी ब्लॉकमधल्या जाड कापांची छोटी नळी वेगळी मागितली तर दुसरी लॅब दुवा देईल.

टवाळ
पंधरा काचा, एक नळी, दोन ब्लॉक. नेताना सामानात 'नाजूक' लिहायचं विसरू नका, पोस्टवाले टाइप बघत नाहीत.